हिशेबाच्या वहीतली चित्रं

इंदूरच्या राणीपुरा बाजारात चाचाचं दुकान. गल्ल्यावर पुतण्याला बसवलेलं. मुलाने धंदा शिकावा, आपल्यासारखी गिरणीतली नोकरी त्याच्या नशिबी येऊ नये, ही वडिलांची इच्छा. पोरगा बसायचा, हिशेबही लिहायचा. पण दिवस संपताना वहीत हिशेब असायचा दहा रुपयांचा आणि चित्रं असायची वीस. घुंगट ओढून जाणारी झाडूवाली, गव्हाचं पोतं उचललेल्या हमालाची पिळाची पगडी, पठाणाची दाढी आणि त्याच्या कपाळावरचा सजद्याचा घट्टा, बुरख्यातली बाई, बकरीचं पिल्लू. जे दुकानासमोरून गेलं ते वहीत उतरलं.

हा पोरगा म्हणजे मकबूल फिदा हुसेन. ही हकीकत त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथनात सांगितली आहे. पुढच्या हुसेनांबद्दल, म्हणजे अनवाणी चालणाऱ्या, कोटींच्या घरात पोचलेल्या आणि परक्या मुलखात वारलेल्या हुसेनांबद्दल आपल्याकडे प्रत्येकाला काही ना काही म्हणायचं असतं. मला बोलायचं आहे ते या हौशी पोराबद्दल. त्याला अजून कुणी चित्रकार म्हणत नव्हतं, आणि तो कुणाचा, हा प्रश्नही कुणाला पडला नव्हता.

मला मात्र तो प्रश्न पडला, किंवा पाडला गेला. २०१० मध्ये हुसेनांनी कतारचं नागरिकत्व घेतल्याची बातमी आली, त्याच आठवड्यात एका कविसंमेलनानंतर चहाचा कप हातात देताना एका गृहस्थांनी विचारलं, "काय हो, तुमच्या हुसेननी असं का केलं?" मी मराठीत कविता वाचून नुकताच खाली उतरलो होतो. त्यातला 'तुमच्या' मी घरी घेऊन आलो. मग मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांपुढे विषय काढला, तर ते म्हणाले, "तो कसला आपला? चित्रं काढणारा माणूस." एका आठवड्यात दोन्ही दारं बंद. तेव्हापासून मी या माणसाच्या लहानपणाबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे.

जन्म पंढरपूरचा, १९१५ चा. घराणं सुलेमानी बोहरा. आई झुनैब हा मुलगा दीड वर्षाचा असताना गेली. तिचा एक फोटोसुद्धा घरात नव्हता. आई नऊवारी नेसायची, एवढंच कानावर आलेलं. पुढे आयुष्यभर त्यांनी नऊवारीतल्या बायका काढल्या. मदर तेरेसांच्या चित्रमालिकेत तर निळ्या काठाची साडी आहे आणि चेहरा नाही. आईचा चेहरा आठवत नाही म्हणून तो काढता येत नाही, असा त्याचा धागा ते स्वतःच जोडत असत. आजोबा अब्दुल पत्र्याचे दिवे आणि कंदील बनवायचे. वडील फिदा दुसरं लग्न करून नोकरीसाठी इंदूरला गेले. पोराचं खरं माणूस म्हणजे हे आजोबा.

आजोबा वारले तेव्हा मकबूल दिवसभर त्यांच्या खोलीत बसून राहायचा. रात्री त्यांच्याच बिछान्यावर, त्यांचाच अंगरखा पांघरून झोपायचा. कुणाशी बोलणं नाही. शेवटी वडिलांनी त्याला बडोद्याला, जमातीच्या वसतिगृहाच्या शाळेत घातलं. तिथे ड्रॉइंगच्या मास्तरांनी एकदा फळ्यावर खडूने मोठा पक्षी काढला आणि मुलांना पाटीवर उतरवायला सांगितला. मकबूलच्या पाटीवर जणू फळ्यावरचाच पक्षी येऊन बसला. दहापैकी दहा. दोन ऑक्टोबरला वर्ग भरायच्या आत त्याने फळ्यावर गांधीजींचा चेहरा काढून ठेवला. अरबी सुलेखनाचे धडेही त्याने याच वाढत्या वयात घेतले.

इथे जरा थांबतो. मुसलमान घरात माणसाचं चित्र काढणं ही साधी गोष्ट नसते, हे मी अनुभवाने सांगतो. लहानपणी जुन्या नाशकात आम्ही मोहरमचा दुलदुल, म्हणजे इमाम हुसेनांचा घोडा, पेन्सिलीने काढायचो. मौलवीसाहेब पाहायचे आणि म्हणायचे, "घोडा राहू दे, डोळा पूस." आम्ही डोळा खोडायचो. घोडा आंधळा व्हायचा, पण वहीत राहायचा. बडोद्याच्या त्या जमातीच्या शाळेत मात्र मास्तर स्वतः फळ्यावर पक्षी काढत होते. इस्लाम आणि चित्र यांचा संबंध एका वाक्यात संपत नाही तो यासाठी. हुसेनांचे ते प्रसिद्ध घोडेही मोहरमच्या दुलदुलच्याच वंशातले आहेत, असं जाणकार म्हणतात. (त्यांनी पुढे घोडे जरा फारच काढले, हे माझं खासगी मत.)

आता चाचाच्या दुकानाकडे परत येऊ. त्या काळी सिनेमाची जाहिरात टांग्यातून फिरायची. पुढे ब्रास बँड, आणि पतंगाच्या रंगीत कागदावर छापलेले नट-नट्यांचे फोटो लोकांना वाटत टांगा गल्लीबोळातून जायचा. अशाच एका जाहिरातीत मकबूलने 'सिंहगड' पाहिला. उपसलेली तलवार, हातात ढाल, मराठा योद्धा. पोराच्या मनाने घेतलं की हे आपण तैलरंगात काढायचं. तैलरंगाला त्याने तोवर हात लावला नव्हता. पैसे कुठले? त्याने शाळेची भूगोलाची आणि इतिहासाची पुस्तकं विकून टाकली, रंगाच्या ट्यूबा आणल्या आणि दुकानात बसूनच आपलं पहिलं तैलचित्र रंगवलं. इतिहासाचं पुस्तक विकून तानाजीच्या गोष्टीचं चित्र काढणारा दुसरा कुणी मला माहीत नाही! चाचा संतापले, वडिलांकडे तक्रार गेली. वडिलांनी चित्र पाहिलं आणि मुलाला मिठीत घेतलं.

हुसेन हा सिनेमा शांतारामांचा म्हणून सांगतात. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरचा 'सिंहगड' कोल्हापूरच्या मंडळींनी दोनदा काढला. पहिला १९२३ चा मूकपट, बाबूराव पेंटरांचा; त्यात शांताराम शेलारमामा झाले होते. दुसरा १९३३ चा बोलपट, प्रभातचा; त्याचे दिग्दर्शक शांतारामच. यातले बाबूराव स्वतः शाळेत न शिकता नाटकांचे पडदे रंगवत वर आलेले. सिनेमाची पोस्टरंही ते आपल्या हाताने रंगवत. आणि बाबूरावांना सिनेमाचं वेड लागलं ते आमच्या त्र्यंबकेश्वरच्या फाळक्यांमुळे.

दादासाहेब १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत दाखवून नाशकात आले आणि इथे त्यांनी जे मांडलं तो निम्मा कारखाना आणि निम्मं घर होतं. 'हरिश्चंद्रा'त रोहिदास झाला त्यांचा मुलगा भालचंद्र. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्ण झाली मुलगी मंदाकिनी. सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायच्या आणि सगळ्या ताफ्याचा स्वयंपाकही बघायच्या. देव, घर आणि तमाशाचा बाजार यांत भिंत घालावी, असं त्या माणसाच्या मनातही आलं नसेल. नाशिकहून निघालेली ही हवा कोल्हापूरमार्गे इंदुरातल्या एका बोहरा पोराच्या गल्ल्यापर्यंत पोचली, याचा नाशिककर म्हणून मला आनंद होतो.

इंदुरात चित्रकलेचे वर्ग चालवत ते दत्तात्रेय देवळालीकर. आडनाव ऐकून नाशिककराचे कान टवकारतातच. मकबूल त्यांच्याकडे शिकला. आणि एकदा रस्त्याकडेला निसर्गचित्र काढताना नारायण श्रीधर बेंद्रे त्याला भेटले. बेंद्रे वयाने थोडेच मोठे, पण नाव होऊ लागलेलं. मकबूलची चित्रं पाहून ते थेट त्याच्या घरी गेले आणि वडिलांशी बोलले. गिरणीत नोकरी करणाऱ्या फिदा हुसेनांनी मुंबईहून विन्सर न्यूटनच्या ट्यूबा मागवल्या. दुकानाचा विषय तिथे संपला. एका मराठी हिंदू चित्रकाराने एका मुसलमान नोकरदाराच्या दारात जाऊन मुलासाठी शब्द टाकला, ही गोष्ट मला त्या १९९६ नंतरच्या सगळ्या गदारोळापेक्षा मोठी वाटते.

मग मुंबई. सिनेमाचे बोर्ड रंगवण्याचं काम, चौरस फुटाला चार ते सहा आणे. आमच्या लहानपणीही नाशकात विजयानंदसारख्या टॉकीजवर हाताने रंगवलेले बोर्ड लागायचे. फोटोवर चौकटी आखायच्या, तशाच मोठ्या चौकटी बोर्डावर आखायच्या आणि एकेक चौकट भरत जायची. जवळून पाहिलं तर नायिकेचा गाल म्हणजे नुसता गुलाबी पट्टा. रस्त्यापलीकडून पाहिलं की ती हसायची. हुसेनांचा लांब, न थांबणारा फटकारा या कामात घडला. १९४७ मध्ये ते प्रोग्रेसिव्ह गटात आले आणि हौशीपण सुटलं.

की सुटलं नाही? राममनोहर लोहियांच्या सांगण्यावरून त्यांनी हैदराबादेत बद्रीविशाल पित्तींकडे राहून रामायणाची चित्रं काढली आणि ती बैलगाडीतून खेड्यांत नेली. लहानपणी पाहिलेल्या रामलीलेची ती परतफेड होती. आजोबांचा कंदील चित्रांत येत राहिला. 'हम आपके हैं कौन' पन्नासहून अधिक वेळा पाहणारे आणि माधुरीला घेऊन २००० मध्ये 'गजगामिनी' काढणारे हुसेन म्हणजे बँडच्या टांग्यामागे धावणारा तोच पोरगा.

पण हे एकत्र नांदणं दोन्हीकडच्यांना खुपलं. १९७० च्या दशकातली देवतांची रेखाटनं १९९६ मध्ये पुन्हा छापून आली आणि मोर्चे, तोडफोड, खटले सुरू झाले. त्या रेखाटनांनी दुखावलेली साधी श्रद्धाळू माणसं मला माहीत आहेत. त्यांच्या दुःखाला मी खोटं म्हणणार नाही. २००४ मध्ये 'मीनाक्षी'तल्या एका कव्वालीतले शब्द कुराणातले म्हणून मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतला आणि सिनेमा थिएटरांतून काढून घ्यावा लागला. २००६ मध्ये हुसेन देश सोडून गेले. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरची कारवाई रद्द केली, पण ते परतले नाहीत. ९ जून २०११ ला लंडनमध्ये वारले आणि इंग्लंडमध्येच दफन झाले. २०२५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांचं १९५४ चं 'ग्रामयात्रा' सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. त्याच वर्षी दोह्यात त्यांच्या चित्रांचं संग्रहालय उघडलं. त्या इमारतीचं रेखाटनही त्यांचंच. नाव 'लौह व कलम', म्हणजे पाटी आणि लेखणी.

ते नाव वाचलं त्यानंतर एका कार्यक्रमासाठी पंढरपूरला जाणं झालं. दुपारी मोकळा होतो. देवळाकडून येताना पत्र्याच्या डब्या-चाळण्या टांगलेल्या एका दुकानासमोर उगाच रेंगाळलो. दुकानदाराने विचारलं, "काय देऊ, चाचा?"

"कंदील आहे का?"

"आता कोण घेतंय कंदील?" तो म्हणाला. "आषाढीला या. दिंडीवाल्यांसाठी दोन-चार करून ठेवतो."