कलकत्त्याचे गोल्फ मैदान

क्रीडांगणाचा इतिहास हा पुष्कळदा माणसामाणसांतील अंतराचाही इतिहास असतो. १८२९ मध्ये कलकत्त्यानजीक डमडम येथे गोल्फ क्लब स्थापन झाला. ब्रिटिश बेटांबाहेरील हा सर्वांत जुना गोल्फ क्लब होय. मुंबईचा क्लब निघाला तो १८४२ मध्ये. डमडमच्या त्या माळावर पुढे विमानतळ झाला. खेळ मात्र आधी शहरातील मैदानावर आणि १९१० च्या सुमारास टॉलीगंजला गेला. पंचम जॉर्ज यांच्या १९११-१२ च्या भारतभेटीनिमित्त क्लबाला ‘रॉयल’ हे बिरुद लाभले. साहेबाने खेळावे आणि देशी पोराने काठ्यांची थैली वाहावी, ही रीत दीर्घकाळ चालली. १९५५ मध्ये इंडियन गोल्फ युनियन स्थापन झाली व भारतातील या खेळाची सूत्रे क्लबाकडून तिच्याकडे गेली. १९६५ मध्ये याच मैदानावर प्रेमगोपाल सेठी यांनी इंडियन ओपन स्पर्धा जिंकली. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे ती शिवशंकर प्रसाद चौरसिया यांनी जिंकली. त्यांचे वडील याच क्लबात हिरवळ राखण्याचे काम करीत. राज्य पालटले १९४७ मध्ये. माळ्याच्या मुलाला त्या हिरवळीवरून विजयापर्यंत पोहोचावयास मात्र आणखी जवळजवळ सात दशके लागली.