एका रुपयाचे दोन रुपये

‘५५ कोटी’ हा आकडा मराठी माणसाला पाठ असतो. त्यावर वाद घालण्यात आपण अनेक संध्याकाळी खर्च केल्या आहेत आणि दिल्लीतील मराठी मंडळींच्या बैठकाही त्याला अपवाद नाहीत. परंतु हा आकडा कोणत्या हिशेबातून निघाला, तो कोणत्या चलनात मोजला गेला आणि त्याच सुमारास एका रुपयाचे दोन रुपये कसे झाले, याची चर्चा क्वचितच होते. केंद्र शासनाच्या सेवेत बरीच वर्षे फायली हाताळल्यानंतर मला या इतिहासाची हिशेबाची बाजूच अधिक बोलकी वाटू लागली आहे.

महाराष्ट्राबाहेर, विशेषतः परदेशात राहणाऱ्या वाचकांना डॉलर, पौंड किंवा दिरहमचे रुपये करणे ही नित्याची बाब आहे. दर पाहायचा, गुणाकार करायचा, पैसे घरी पाठवायचे. चलनाचे रूपांतर म्हणजे आपल्या दृष्टीने अंकगणित. पण हे अंकगणित शक्य होण्यापूर्वी दोन शासनांनी एकमेकांच्या कोणत्या गोष्टी मान्य केलेल्या असाव्या लागतात, हे समजून घ्यायचे असेल, तर १९४७ ते १९५५ या आठ वर्षांतील भारतीय आणि पाकिस्तानी रुपयाचा इतिहास पाहावा.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश दोन होते, रुपया मात्र एकच होता. आदल्या दिवशी निघालेल्या एका आदेशान्वये भारतीय रिझर्व्ह बँक ही काही काळ दोन्ही राष्ट्रांची मध्यवर्ती बँक राहणार होती. तिचे गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख. रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेले, आय.सी.एस. परीक्षेत पहिले आलेले आणि १९४३ पासून रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले देशमुख आपल्याला संस्कृतचे रसिक म्हणून, ‘मेघदूता’चे मराठी अनुवादक म्हणून आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा देणारे नेते म्हणून परिचित आहेत. परंतु एकाच वेळी परस्परांशी संघर्ष करणाऱ्या दोन शासनांचे बँकर असण्याची जी कसरत त्यांना करावी लागली, ती प्रशासनाच्या अभ्यासकाने विसरू नये अशी आहे.

आता त्या ५५ कोटींकडे वळू. फाळणीच्या वेळी अविभाजित हिंदुस्थान सरकारच्या खात्यात सुमारे ४०० कोटी रुपयांची रोख शिल्लक होती. त्यातील पाकिस्तानचा वाटा ७५ कोटी ठरला. पैकी २० कोटी सत्तांतराच्या वेळीच खर्चासाठी देण्यात आले. उरले ५५ कोटी. वाटपाचा हा समझोता डिसेंबर १९४७ मध्ये झाला, परंतु काश्मीरमध्ये लढाई सुरू असल्याने भारत सरकारने रक्कम रोखून धरली. १३ जानेवारी १९४८ रोजी गांधीजींनी दिल्लीत उपोषण सुरू केले. त्याचा हेतू दिल्लीतील जातीय शांतता हा होता. १५ जानेवारीला सरकारने रक्कम देण्याचा निर्णय जाहीर केला आणि १८ तारखेला उपोषण सुटले. ज्या बिर्ला भवनात हे घडले, ते आज तीस जानेवारी मार्गावरील गांधी स्मृती आहे. महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांबरोबर मी तेथे गेलो की ५५ कोटींचा विषय हटकून निघतो. तेव्हा मी एवढेच सांगतो की ती देणगी नव्हती आणि कर्जही नव्हते; वाटणीत ठरलेला तो हिस्सा होता. ती केव्हा द्यावी, हा राजकीय निर्णय होता. ती देणे लागते की नाही, हा हिशेबाचा प्रश्न होता आणि तो डिसेंबरमध्येच मिटला होता. शिवाय ही रक्कम देताना विनिमय दराचा प्रश्नच उद्भवला नाही, कारण दुसरा रुपया अद्याप जन्माला यायचा होता.

तो जन्मला १ एप्रिल १९४८ रोजी, आणि त्याची छपाई झाली आपल्या नाशिकला. नाशिकरोड येथील इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये तयार झालेल्या नेहमीच्याच नोटांवर वरच्या बाजूस इंग्रजीत आणि खालच्या बाजूस उर्दूत ‘पाकिस्तान सरकार’ अशा अर्थाची अक्षरे छापण्यात आली. चित्र सहाव्या जॉर्जचेच होते. त्यांतील काही नोटांवर सही होती चिंतामणराव देशमुखांची. पाकिस्तानच्या पहिल्या नोटा नाशिकला छापल्या गेल्या आणि त्यांवर एका मराठी माणसाची सही होती, हे सांगितले की ऐकणाऱ्याला आधी गंमत वाटते. पण त्या दोन ओळींचा अर्थ गंमतीपुरता नाही. नोट म्हणजे ती जारी करणाऱ्या संस्थेने मान्य केलेले देणे. ती अक्षरे असलेल्या नोटेचे देणे पुढे भारताच्या नव्हे, पाकिस्तानच्या खात्यात जाणार होते.

राहिला प्रश्न पाकिस्तानात फिरत असलेल्या जुन्या, कोऱ्या नोटांचा. त्या किती आहेत, हे कोणालाच नेमके माहीत नव्हते. त्यावरचा तोडगा साधा होता. पाकिस्तानने त्या नोटा चलनातून काढून घ्यायच्या, रिझर्व्ह बँकेकडे परत करायच्या आणि तेवढ्या किमतीची मालमत्ता, म्हणजे सोने, स्टर्लिंग रोखे व रुपयातील रोखे, पाकिस्तानला मिळावयाची. आधी ठरलेल्या मुदतीपेक्षा तीन महिने लवकर, ३० जून १९४८ रोजी, रिझर्व्ह बँकेची पाकिस्तानविषयक जबाबदारी संपली आणि १ जुलैला स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली. काही रकमांबाबत मतभेद उरले. तथापि लाखो लोक विस्थापित होत असताना, रेल्वेगाड्यांत कत्तली झालेल्या असताना, चलनाची ही वाटणी मात्र तारखेनुसार आणि दप्तराबरहुकूम पार पडली. १९९३ मध्ये चेकोस्लोव्हाकिया शांततेने विभागला गेला, तरी तेथील समाईक चलन सहा आठवडेही टिकले नाही आणि नव्या नोटा येईपर्यंत जुन्या नोटांवर तिकिटे चिकटवावी लागली. त्या तुलनेत १९४८ मधले काम कमी प्रतीचे नव्हते.

खरी अडचण पुढे आली. दोन्ही रुपये बरोबरीचे होते, शंभरास शंभर. १८ सप्टेंबर १९४९ रोजी ब्रिटनने पौंडाचे मूल्य ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणले. भारताचा बराचसा व्यापार स्टर्लिंग गटाशी असल्याने भारतानेही त्याच प्रमाणात, म्हणजे ३०.५ टक्के, अवमूल्यन केले. पाकिस्तानने केले नाही. ४.०३ ला २.८० ने भागा; उत्तर येते सुमारे १.४४. एका रात्रीत १०० पाकिस्तानी रुपयांची किंमत १४४ भारतीय रुपये झाली. निदान कराचीच्या मते झाली. दिल्लीने तो दर मान्य करण्यास नकार दिला.

एम.ए.च्या वर्गात आम्हाला अवमूल्यन शिकविले गेले ते मागणीच्या लवचिकतेच्या सूत्राने. त्या सूत्राने पाहिल्यास पाकिस्तानची भूमिका तर्कहीन नव्हती. ताग आणि कापूस हा त्याचा मुख्य निर्यातमाल. किंमत उतरविली म्हणून त्याची मागणी फारशी वाढणार नव्हती, आयात यंत्रसामग्री मात्र महागली असती. भारताची भूमिकाही समजण्यासारखी होती. तागाचे सुमारे तीन-चतुर्थांश उत्पादन पूर्व बंगालमध्ये आणि गिरण्या जवळजवळ सगळ्या कलकत्त्याच्या परिसरात, हुगळीच्या काठी. तीस रुपये मणाचा ताग घेतला, तर अवमूल्यनापूर्वी गिरणीला तीसच रुपये पडत. नव्या दराने तोच ताग त्रेचाळीस रुपये तीन आण्यांना पडणार. मुंबईच्या गिरण्यांनाही सिंध व पश्चिम पंजाबचा लांब धाग्याचा कापूस लागत असे. दोन्ही बाजूंचे अर्थशास्त्र आपापल्या जागी ठीक होते. चूक झाली ती दराला राष्ट्राच्या प्रतिष्ठेचे माप मानण्यात.

परिणाम असा झाला की रूपांतरच थांबले. दर मान्य नाही म्हणून बँक हुंडी वटवीना, आणि हुंडी वटत नाही म्हणून माल हलेना. ताग अडला, तेव्हा भारताने कोळसा रोखला. पूर्व बंगालच्या शेतकऱ्याचा ताग पडून राहिला आणि हुगळीकाठच्या कामगाराच्या हातचे काम गेले. या दोघांपैकी कोणालाही दर ठरविताना विचारलेले नव्हते.

एप्रिल १९५० मध्ये दराचा प्रश्न बाजूला ठेवून मर्यादित व्यापाराचा करार झाला. त्याच महिन्यात, ८ तारखेला, दिल्लीत नेहरू-लियाकत करारावर सह्या झाल्या. बंगालमधून स्थलांतर करणाऱ्या प्रौढास १५० रुपये आणि मुलास ७५ रुपये रोख सोबत नेता येतील, असे कलम त्यात आहे. घरदार सोडून निघालेल्या कुटुंबाने रोख किती न्यावी, हे दोन पंतप्रधानांनी आकड्यांत लिहिले. करारातील हे सर्वांत मानवी कलम आहे, असे मला वाटते. कारण सीमेवरच्या शिपायाला अर्थ लावायला त्यात काहीच शिल्लक ठेवलेले नाही.

जून १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले, तागाचे भाव जगभर चढले आणि पाकिस्तानवरील अवमूल्यनाचा दबाव ओसरला. अखेर फेब्रुवारी १९५१ मध्ये भारताने पाकिस्तानचा दर मान्य करून व्यापार करार केला. तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुखच. गव्हर्नर म्हणून ज्यांनी एका रुपयाचे दोन रुपये होऊ दिले, त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळात दुसऱ्या रुपयाची निराळी किंमत भारताने कागदावर मान्य केली. पण मधल्या सतरा महिन्यांत बरेच काही बदलले होते. भारताने स्वतःच्या तागाची लागवड वाढविली होती. पूर्व बंगालमध्ये, नारायणगंजला, आदमजी गिरणी उभी राहत होती. शतकभराचे परस्परावलंबन संपू लागले होते. पुढे ३१ जुलै १९५५ रोजी पाकिस्ताननेही अवमूल्यन केले आणि दोन्ही रुपये पुन्हा शंभरास शंभर झाले. ज्या बरोबरीसाठी एवढे भांडण झाले ती परत आली, पण तुटलेला व्यापार पूर्वीच्या प्रमाणात परतला नाही.

फाळणीच्या हिशेबातील आणखी एक नोंद सांगतो. अविभाजित सरकारचे कर्ज फेडण्याची जबाबदारी भारताने प्रथम स्वतःकडे घेतली होती आणि पाकिस्तानने आपला हिस्सा हप्त्यांनी भारताला द्यावयाचा होता. तो आला नाही. ३०० कोटी रुपयांची ती येणे रक्कम भारताच्या अर्थसंकल्पीय कागदपत्रांत कित्येक दशके छापली जात राहिली. ५५ कोटी प्रत्येकाला ठाऊक आहेत. हे ३०० कोटी फारसे कोणाला ठाऊक नाहीत.

१९४८ ची वाटणी जमली, कारण कोणते देणे कोणाचे आणि कोणत्या तारखेपासून, हे आधी लिहिले गेले होते. १९४९ चा दर जमला नाही, कारण कोणाशी न बोलता घेतलेल्या निर्णयांवर दोन्ही बाजूंनी मानाची मोहोर उमटविली. आणि ३०० कोटी आले नाहीत, कारण नुसत्या लिहून ठेवण्यानेही भागत नाही; समोरच्याला देण्याची गरज वाटावी लागते. आपण घरी पैसे पाठवितो तेव्हा पडद्यावर क्षणात दर उमटतो. तो उमटतो, याचा अर्थ या तिन्ही गोष्टी त्या क्षणी कोठेतरी सुरळीत चालू आहेत.