परतीचे तिकीट : हाजी, जहाज आणि थॉमस कुक

गेल्या काही वर्षांत आपल्या लोकांत क्रूझचे आकर्षण वाढले आहे. मुलगा दुबईत, बहीण लंडनला, मेव्हणा टोरंटोत. मग कुणीतरी सांगते की इथल्या एजंटापेक्षा तिथला एजंट तीच केबिन स्वस्तात देतो. पैसे तिकडच्या खात्यावर टाकले की काम झाले. ‘घ्यावी का?’ असे मला विचारणारे अधूनमधून भेटतात. इतिहासाच्या वाचकाला असा प्रश्न विचारला की तो मागे जाणारच. समुद्रावरचा प्रवास परदेशी एजंटाकडून विकत घेण्याचा एक मोठा प्रयोग आपल्या मुंबईत झाला होता. गिऱ्हाईक होते हाजी आणि एजंट होता लंडनचा थॉमस कुक.

१८८६ साली भारतातील ब्रिटिश सरकारने हजयात्रेकरूंच्या वाहतुकीसाठी ‘थॉमस कुक अँड सन’ या कंपनीची अधिकृत एजंट म्हणून नेमणूक केली. थॉमस कुक हा मूळचा दारूबंदीचा प्रचारक. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टरहून लाफबरोला रेल्वेने एक सहल नेली आणि त्यातून पुढे जगभर पसरलेला प्रवासाचा धंदा उभा राहिला. हजची जबाबदारी आली तेव्हा कारभार त्याचा मुलगा जॉन मेसन कुक पाहत होता. या कामासाठी कंपनीने इंग्रजीत एक पुस्तिका काढली. तिचे लांबलचक शीर्षक मला फार बोलके वाटते. त्यात यात्रेकरूंच्या हालचालींवरील ‘नियंत्रणा’चा उल्लेख आहे, भारताच्या सर्व भागांतून जेद्दाला नेण्याचा आहे आणि शेवटी ‘परत’ आणण्याचाही आहे. नियंत्रण आणि परत, या दोन शब्दांतच पुढची सगळी कथा आहे.

जाणे सोपे, येणे अवघड

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि तांबड्या समुद्रात आगबोटींची गर्दी वाढली. हजचा प्रवास आता नवाब-बेगमांपुरता किंवा सधन व्यापाऱ्यांपुरता राहिला नाही. पूर्वी भोपाळच्या सिकंदर बेगम १८६३-६४ मध्ये हजला गेल्या तेव्हा मोठा लवाजमा सोबत होता. आगबोटीने भाडे खाली आणले आणि शेतकरी, विणकर, विधवा म्हाताऱ्या, फकीर असे सगळेच मुंबईच्या धक्क्यावर दिसू लागले. हे चांगलेच झाले. पण त्यांच्यातल्या अनेकांकडे जाण्यापुरतेच पैसे असत. हज झाल्यावर ते जेद्दात अडकत. ब्रिटिश कागदपत्रांत त्यांना कंगाल यात्रेकरू म्हटले आहे.

या अडकण्यावर जगणारी एक साखळीच तयार झाली होती. मुंबईत यात्रेकरूला गाठणारा दलाल, जास्तीत जास्त माणसे कोंबणारा जहाजमालक आणि जेद्दात एकत्र येऊन परतीचे भाडे ठरवणारे एजंट. जावा-मलायाकडून आलेल्यांची अवस्था काही वेळा आणखी वाईट होई. परतीसाठी कर्ज दिले जाई आणि त्याच्या फेडीसाठी मळ्यावर मजुरी करण्याचा करार लिहून घेतला जाई. हजला गेलेला माणूस वेठीचा मजूर होऊन परते.

यातली एक गोष्ट आपण सहसा सांगत नाही. या साखळीत गोरे लोक होतेच, पण आपलेही होते. दलाल बहुतेक आपलेच, यात्रेकरूच्या भाषेत बोलणारे, सलाम करून हात धरणारे. एजंट स्वधर्मी असला की व्यवहार सुरक्षित, ही समजूत तेव्हाही महाग पडत होती. उमराहच्या नावाने पैसे घेऊन कार्यालयाला कुलूप लावणाऱ्यांच्या बातम्या आजही आपण वाचतो, तेव्हा ती अजून गेलेली नाही असेच म्हणावे लागते.

‘जेद्दा’ नावाचे जहाज

ऑगस्ट १८८० मध्ये घडलेल्या एका घटनेने सगळे जग हादरले. ‘जेद्दा’ नावाचे जहाज सुमारे हजार यात्रेकरू घेऊन सिंगापूर-पिनांगहून निघाले होते. मालक सिंगापूरचे अरब व्यापारी घराणे, निशाण ब्रिटिश, कप्तान इंग्रज. एडनच्या अलीकडे वादळात जहाजात पाणी शिरले. कप्तान आणि गोरे अधिकारी होडीत बसून निघून गेले. दुसऱ्या जहाजाने त्यांना उचलून एडनला आणले. जहाज बुडाले, सगळे गेले, असे त्यांनी तिथे सांगितले. आणि लगेचच ‘अँटेनॉर’ नावाच्या ब्रिटिश आगबोटीने ‘जेद्दा’ ओढत एडनच्या बंदरात आणले! मागे राहिलेले यात्रेकरू पाणी उपसत जहाज तरंगते ठेवून होते. कप्तानाचा परवाना तीन वर्षांसाठी काढून घेतला गेला. इतकीच शिक्षा. जोसेफ कॉनरॅडने याच घटनेच्या आधारे ‘लॉर्ड जिम’ ही कादंबरी लिहिली. ती पळून गेलेल्या अधिकाऱ्याच्या मनाची कथा आहे. पाणी उपसणाऱ्यांच्या मनाची कथा अजून कुणी लिहायची आहे.

दुसरीकडे पटकीची भीती होती. १८६५ मध्ये हजच्या काळात पटकीने हजारो यात्रेकरू मेले आणि ती साथ युरोपपर्यंत पोचली. तेव्हापासून युरोपची सरकारे भारतातून येणाऱ्या जहाजांकडे संशयाने पाहू लागली. तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर यात्रेकरूंना क्वारंटाइनमध्ये ठेवले जाऊ लागले. ब्रिटिश सरकारने डॉ. अब्दुल रज्जाक या भारतीय मुस्लिम डॉक्टरांना १८७८ मध्ये हजला पाठवून अहवाल मागवला. १८८२ पासून ते जेद्दात उपवाणिज्यदूत होते. यात्रेकरूंच्या हालांवर त्यांनी सातत्याने लिहिले. १८९५ मध्ये जेद्दाच्या वेशीबाहेर त्यांची हत्या झाली. आपल्या इतिहासात त्यांचे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही, याची मला खंत वाटते.

कुकचा प्रयोग का फसला?

सरकारला काहीतरी करणे भाग होते. पण हजमध्ये हात घातला तर मुसलमान बिथरतील अशी धास्तीही होती. १८५७ च्या जखमा ताज्या होत्या आणि १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन दिलेले होते. डच सरकारने आपल्या इंडोनेशियातील वसाहतीत १८५९ पासूनच यात्रेकरूकडे खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा मागायला सुरुवात केली होती. ब्रिटिशांना तसे धाडस होईना. मग मधला मार्ग निघाला : काम खासगी कंपनीला द्यायचे. यश आले तर श्रेय सरकारचे, गोंधळ झाला तर कंपनीचा!

कल्पना वाईट नव्हती. ठरलेले भाडे, छापील तिकीट, स्वच्छ जहाज आणि परतीची हमी. पण कुककडे स्वतःची जहाजे नव्हती. ती भाड्यानेच घ्यावी लागत. यात्रेकरूवर कुककडूनच तिकीट घेण्याची सक्तीही नव्हती. कुकने दर जाहीर केला की दलाल त्याच्यापेक्षा कमी सांगे. परतीचे भाडे आधीच भरायचे म्हणजे एकदम मोठी रक्कम. ती ज्याच्याकडे आहे त्याला कुकची गरज नव्हती आणि ज्याला गरज होती त्याच्याकडे ती नव्हती. व्यवहार तोट्यात राहिला, तो भरून देण्याचा भार सरकारवर येऊ लागला आणि १८९३ च्या सुमारास हा प्रयोग गुंडाळला गेला.

माझ्या मते हा एजंटाचा अप्रामाणिकपणा नव्हता. कुकचा कारभार दलालांपेक्षा कितीतरी सरळ होता. अडचण वेगळीच होती. यात्रेकरूला घरी आणण्याची जबाबदारी कायद्याने कुणावरच नव्हती. ती एका धंद्याच्या सौजन्यावर सोडली होती, आणि सौजन्याला तोटा सोसवत नाही.

ही जबाबदारी कायद्यात यायला १९२५ साल उजाडले. त्या वर्षीच्या कायद्याने हजयात्रेकरूला परतीचे तिकीट किंवा परतीची रक्कम आधी जमा करणे बंधनकारक झाले. गरिबाचा हजचा मार्ग यामुळे अरुंद झाला हे खरे. हज ऐपत असलेल्यावरच फर्ज आहे हे धर्मशास्त्र सांगते; पण तळमळीला ऐपत कळत नाही. तरीही जेद्दाच्या रस्त्यावर भीक मागत दिवस काढण्यापेक्षा ही व्यवस्था मला माणुसकीची वाटते. पुढे १९३२ च्या कायद्याने बंदरांवर हज कमिट्या आल्या आणि स्वातंत्र्यानंतर १९५९ चा हज कमिटी कायदा आला.

आमच्या घरातील आधीच्या पिढीने मुघल लाइनच्या बोटीनेच हज केला. गावाहून मुंबई, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग धक्का. रत्नागिरी-रायगडच्या मुस्लिम घरांत जहाजावरची नोकरी नवी नव्हती, त्यामुळे समुद्राची भीती कमी असे. तरी निघताना माणसे कर्ज फेडून, माफी मागून, वारसांना सांगून जात. १९९५ मध्ये बोटीचा हज बंद झाला आणि तो निरोपही आटला.

१७८ वर्षांनंतर

आता या कथेचे उत्तरायण. २३ सप्टेंबर २०१९ रोजी ब्रिटनमधील थॉमस कुक कंपनी दिवाळ्यात निघाली. (भारतातील त्याच नावाची कंपनी २०१२ पासूनच वेगळ्या मालकीची आहे, तिचा याच्याशी संबंध नव्हता.) त्या दिवशी कंपनीचे सुमारे ६ लाख ग्राहक घराबाहेर होते. ट्युनिशियातील एका हॉटेलने तर थकलेले पैसे भरा म्हणून पर्यटकांना फाटकातच अडवले. जेद्दाच्या धक्क्यावरचा यात्रेकरू जणू गोऱ्या कातडीत परत उभा राहिला.

फरक पुढे दिसतो. ब्रिटनचे दीड लाखाच्या आसपास पर्यटक तिथल्या सरकारने दोन आठवड्यांत घरी आणले. त्यांच्याकडे ‘अ‍ॅटोल’ नावाची व्यवस्था आहे : विमानप्रवासासह सहल विकणाऱ्याने आधीच निधीत पैसे भरायचे, कंपनी बुडाली तर त्यातून ग्राहकाला परत आणायचे. या छत्राखाली नसलेल्यांनाही सरकारने वाऱ्यावर सोडले नाही. जर्मनीत मात्र याच कंपनीच्या ग्राहकांसाठी असलेल्या विम्याची मर्यादा ११ कोटी युरो होती. ती पुरेना, तेव्हा जर्मन सरकारला भरपाईची हमी घ्यावी लागली. कंपनी एकच, पण ग्राहकाच्या पदरात काय पडेल हे तिकीट कोणत्या देशात विकले गेले यावर ठरले.

म्हणून परदेशातील एजंटाची क्रूझ घ्यावी का, या प्रश्नाला माझे उत्तर सरळ आहे. स्वस्त असेल तर जरूर घ्या. पण एजंट ओळखीचा आहे का, एवढेच विचारून थांबू नका. पैसे नक्की कुणाच्या नावावर जातात, जहाज कंपनीच्या नोंदीत तुमचे आरक्षण दिसते का, आणि एजंट बुडाला तर कोणत्या देशाचा कोणता कायदा तुम्हाला घरी आणेल, हे विचारा. विमानाशिवायची निव्वळ जहाजाची सफर ब्रिटनच्या ‘अ‍ॅटोल’मध्येही येत नाही. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते खरी. पण सातासमुद्रापलीकडच्या एजंटाकडून वसुली करणे ही वेगळी लढाई आहे.

१८८६ च्या हाजीला हे प्रश्न विचारता येत नव्हते. तो निरक्षर होता, गुलाम देशाचा होता आणि त्याला परत आणणे कुणाचेच कर्तव्य नव्हते. आपल्याला ते विचारता येतात. तिकीट हातात घेण्याआधी विचारून घ्यावेत.