फ्रेंड्स रीयुनायटेड : शाळासोबत्यांना शोधून देणारी वेबसाइट का बंद पडली?

दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आता बहुतेकांच्या फोनमध्ये असतो. पहिला आठवडा त्यात नुसता धुमाकूळ चालतो. कोण कुठे आहे, कुणाचं लग्न झालं, कुणाला टक्कल पडलं. मग हळूहळू 'शुभ सकाळ'ची फुलं तेवढी उरतात. ब्रिटनमधल्या एका वेबसाइटचं आयुष्य असंच गेलं, फक्त तिच्या ग्रुपमध्ये कोट्यवधी लोक होते. तिचं नाव फ्रेंड्स रीयुनायटेड. ती सुरू झाली तेव्हा फेसबुकचा जन्मही झाला नव्हता.

उत्तर लंडनमधल्या बार्नेट भागात राहणाऱ्या ज्युली पँकहर्स्ट गरोदर होत्या. आपल्या शाळेतल्या मैत्रिणी आता काय करत असतील, त्यांना मुलंबाळं झाली असतील का, याचं त्यांना कुतूहल वाटू लागलं. अमेरिकेत १९९५ पासून क्लासमेट्स डॉट कॉम ही साइट हेच काम करत होती. ज्युली यांचे पती स्टीव्ह आणि त्यांचे भागीदार जेसन पोर्टर हे सॉफ्टवेअरच्या धंद्यातले. त्यांनी ब्रिटनसाठी तशी साइट घरूनच उभी केली.

रचना अगदी साधी होती. शाळा निवडायची, शाळा सोडल्याचं वर्ष टाकायचं, की त्या वर्षीच्या नोंद केलेल्या मुलामुलींची यादी समोर. प्रत्येक नावाखाली चार ओळी : सध्या कुठे, काय करतो, मुलं किती. फोटोंचा मारा नाही, लाइक नाही. यादी फुकट बघता यायची, पण एखाद्याला निरोप पाठवायचा तर वर्षाला ५ पौंड भरावे लागत. पुढे ही वर्गणी साडेसात पौंड झाली. ईमेल पत्ता कुणाला दिसत नसे, निरोप साइटमार्फतच जायचा. म्हणजे कुतूहल फुकटात वाढवायचं आणि ते शमवायचे पैसे घ्यायचे. धंद्याच्या दृष्टीने ही कल्पना फारच हुशारीची होती, आणि पुढे तीच अंगलट आली.

२००० च्या अखेरीस सभासद होते सुमारे ३ हजार. वर्षभरात तो आकडा २५ लाखांवर गेला. घरोघरी इंटरनेट नुकतंच पोचत होतं आणि अनेकांना ऑनलाइन जायला मिळालेलं पहिलं ठोस कारण म्हणजे ही साइट होती. ठिकठिकाणी स्नेहमेळावे भरले. जुनी प्रेमप्रकरणंही उकरली गेली आणि संसार मोडल्याचं खापर वर्तमानपत्रांनी साइटवर फोडलं. शिक्षकांबद्दल तर लोक मनाला येईल ते लिहीत. २००२ मध्ये एका निवृत्त शिक्षकाने अशा मजकुराबद्दल आपल्या माजी विद्यार्थ्यावर बदनामीचा दावा लावला आणि कोर्टाने १,२५० पौंड भरपाई दिली. वर्गाच्या भिंतीवर लिहिणं आणि इंटरनेटवर लिहिणं यातला फरक तोवर कुणाच्या फारसा लक्षात आला नव्हता.

डिसेंबर २००५ मध्ये आयटीव्ही या टीव्ही कंपनीने फ्रेंड्स रीयुनायटेड १२ कोटी पौंडांना विकत घेतली. कामगिरी चांगली झाल्यास आणखी रक्कम देण्याचंही कबूल केलं. तेव्हा सभासद दीड कोटींच्या घरात होते. विकणाऱ्यांनी वेळ अचूक साधली असंच म्हणावं लागेल, कारण सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुक सर्वांसाठी खुलं झालं.

फेसबुक फुकट होतं, हे एक कारण सगळेच सांगतात. आयटीव्हीने २००८ मध्ये वर्गणी रद्द केली, पण गळती थांबली नाही. कारण खरी अडचण साइटच्या मूळ कामातच होती. बाकावर शेजारी बसणारा मित्र एकदा सापडला, की त्याचा ईमेल किंवा फोन नंबर घ्यायचा आणि गप्पा दुसरीकडे सुरू करायच्या. परत यायचं कशाला? उलट निरोपावर वर्गणी लावून साइटने लोकांना बाहेर बोलायची सवयच लावली. फेसबुकवर मित्र सापडल्यानंतर खरी सुरुवात होई, त्याच्या मुलाचा वाढदिवस, सुट्टीचे फोटो, रोजचं काहीतरी.

२००९ मध्ये आयटीव्हीने साइट अवघ्या अडीच कोटी पौंडांना ब्राइटसॉलिड या कंपनीला विकायचं ठरवलं. ही कंपनी स्कॉटलंडच्या डी. सी. थॉमसन या प्रकाशनसंस्थेची. २०१२ मध्ये जुने फोटो आणि आठवणी जमवण्याची जागा म्हणून साइटला नवं रूप दिलं गेलं, तेही चाललं नाही. अखेर ती पुन्हा स्टीव्ह पँकहर्स्ट यांच्याकडे आली. त्यांच्या म्हणण्यानुसार एक कोटीहून जास्त नोंदी होत्या, पण कित्येकांचे संपर्काचे तपशील दहा-दहा वर्षांपूर्वीचे. जे थोडे येत होते ते साइटचा वापर नुसता निरोपांच्या फळ्यासारखा करत, आणि त्यातून खर्चही निघत नव्हता. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी साइट बंद झाली. लोकांनी शाळेबद्दल आणि स्वतःबद्दल लिहिलेल्या त्या चार-चार ओळीही त्याबरोबर गेल्या.

आपल्याकडे ही साइट फारशी कुणी वापरली नाही. शाळा-कॉलेजच्या नावाच्या कम्युनिटी भारतात भरल्या त्या ऑर्कुटवर, २००४ नंतर. ऑर्कुटही ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं.

फ्रेंड्स रीयुनायटेडच्या मालकांनी काढलेली एक धाकटी साइट मात्र मागे राहिली. जीन्स रीयुनायटेड, वंशावळ आणि पूर्वज शोधण्यासाठी. २००९ च्या सौद्यात खरेदीदाराचा मुख्य डोळा हिच्यावरच असल्याचं बोललं जाई. ब्राइटसॉलिडकडे वंशावळीची दुसरी साइट आधीच असल्याने ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि २०१० मध्ये सौद्याला परवानगी दिली. शाळेतला मित्र एकदा शोधून झाला की काम संपतं. पणजोबा सापडले की खापरपणजोबांचा शोध सुरू होतो, आणि त्यासाठी लोक वर्गणी भरत राहतात.