टी. नगर : महाविद्यालयाबाहेरचे साहित्यशिक्षण

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत दोन वर्षे इंग्रजी साहित्य व लेखन शिकून विद्यार्थ्यांना विद्यापीठात पुढील शिक्षण घेता येते. १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे या व्यवस्थेची सुरुवात झाली. भारतात ही कल्पना १९९५ मध्ये पुदुच्चेरीत आणि १९९६ मध्ये चेन्नईत रुजली, पण तिचे स्वरूप बदलले. शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांना रोजगार मिळावा हा येथील हेतू असल्याने इंग्रजी प्रामुख्याने संभाषणापुरते शिकवले जाते. हेतू योग्यच, साहित्य मात्र बाहेर राहिले.

नोकरी वा संसार सांभाळून परभाषेचे साहित्य अभ्यासण्याची सोय चेन्नईत त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, परंतु ती हिंदीची. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९१८ मध्ये सुरू झालेल्या कार्यातून दक्षिण भारत हिंदी प्रचार सभा उभी राहिली. तिचे मुख्यालय टी. नगर येथे आहे. 'प्राथमिक'पासून 'प्रवीण'पर्यंत परीक्षांची चढती श्रेणी असून वरच्या परीक्षांत गद्य, पद्य, निबंध व अनुवाद यांचा समावेश असतो. १९६४ मध्ये संसदेने सभेला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला. पुढच्याच वर्षी हिंदीविरोधी आंदोलनाने राज्य पेटले आणि १९६८ मध्ये तमिळ व इंग्रजी हे द्विभाषा धोरण स्वीकारण्यात आले. तरीही सभेच्या परीक्षांना स्वेच्छेने बसणारे तमिळ विद्यार्थी कमी झाले नाहीत, हे विशेष.

इंग्रजी साहित्यासाठी घरबसल्या पदवी हवी असणाऱ्यांना इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा मार्ग उपलब्ध आहे.