माहितीपत्रकात न मावलेले बेट

मॉरिशसची जाहिरात सहसा एका डोंगराच्या छायाचित्राने होते. खाली निळे-हिरवे उथळ पाणी, पांढरी वाळू, माडांची रांग आणि मागे समुद्रातून एकदम वर आलेला काळा, उभ्या कड्यांचा डोंगर. चिंचवडमधल्या एका सहल कंपनीच्या काचेवर हे छायाचित्र मी कित्येक वर्षे पाहत आलो आहे. खालचा मजकूर बदलतो, रात्रींची आणि रुपयांची संख्या बदलते. डोंगर तोच असतो. त्याचे नाव ल मोर्न. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत मळ्यांतून पळालेले गुलाम या डोंगराच्या कपारींत लपून राहत. लोकस्मृती असे सांगते की, १८३५ साली गुलामगिरी संपल्याची वार्ता द्यायला शिपाई वर चढू लागले, तेव्हा आपल्याला धरायलाच ते येत आहेत असे समजून वरच्या माणसांनी कड्यावरून उड्या टाकल्या. युनेस्कोने २००८ साली या डोंगराला जागतिक वारशाचा दर्जा दिला तो पाण्याच्या रंगासाठी नव्हे, या स्मृतीसाठी. माहितीपत्रकात मात्र पायथ्याच्या हॉटेलांची आणि हेलिकॉप्टरमधून दिसणाऱ्या 'पाण्याखालच्या धबधब्या'ची माहिती असते. हा धबधबाही खरा नाही. वाळू आणि गाळ खोल पाण्यात उतरताना जो आभास होतो, त्याला दिलेले ते नाव आहे.

या लेखाचे निमित्त तसे लहानच. चाकणच्या एका कारखान्यात नोकरी करणारा माझा एक जुना विद्यार्थी लग्नानंतर मॉरिशसला जाऊन आला. त्याने छायाचित्रे दाखवली, आणि मग जराशा संकोचाने एक प्रसंग सांगितला. तिथे त्यांना फिरवणाऱ्या गाडीच्या चालकाने 'आम्ही पण मराठी' असे सांगितले. पण पुढचे बोलणे मराठीत होईना. त्याची क्रिओल याला कळेना, याची मराठी त्याला झेपेना. शेवटी दोघे मोडक्या हिंदीवर आले. चालकाचे आडनाव हे त्याच्या खापरपणजोबाचे पाळण्यातले नाव होते. "सर, तिथे मराठी माणसे कशी?" हा माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न. पदवीपर्यंत मराठी साहित्य शिकलेल्या मुलाला हा प्रश्न पडावा यात दोष त्याचा नाही, आम्हा शिकवणाऱ्यांचा आहे.

बेटाचे 'नंदनवन' करण्याचे काम साहित्याने पुष्कळ आधी केले. बेर्नार्दें द सें-पिएर हा फ्रेंच लेखक १७६८ ते १७७० या काळात तेथे होता. १७७३ साली त्याने आपले प्रवासवर्णन प्रसिद्ध केले; त्यात गुलामांच्या हालांचे संतापलेले वर्णन आहे. पुढे १७८८ साली त्याने त्याच बेटावर 'पोल ए व्हिर्जिनी' ही निष्पाप प्रेमाची शोकांत कथा लिहिली. जगाने दुसरे पुस्तक डोक्यावर घेतले, पहिले विसरले. मार्क ट्वेनचे तर नशीबच विचित्र. तो एप्रिल १८९६ मध्ये तेथे उतरला. देवाने आधी मॉरिशस केले आणि मग त्याबरहुकूम स्वर्ग बेतला, हे विधान आज प्रत्येक जाहिरातीत त्याच्या नावावर खपते. प्रत्यक्षात त्याने ते बेटावरच्या माणसाचे बोलणे म्हणून, ओठांत हसू दाबून नोंदवले आहे, आणि इतरांचे मत याच्या उलट असल्याचेही लगेच सांगितले आहे. उपरोध नाहीसा झाला की उरते ती जाहिरात. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने हे उदाहरण जपून ठेवावे.

ट्वेनच्या साठ वर्षे आधी, १८३६ साली, 'बीगल' जहाजावरून चार्ल्स डार्विन पोर्ट लुईला उतरला होता. त्याच्या रोजनिशीतले एक निरीक्षण आपल्याला जवळचे आहे. रस्त्यांवर काम करणारे हिंदुस्थानी कैदी त्याने पाहिले, आणि त्यांचे रुबाबदार चेहरे पाहून तो चकित झाला. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून सुमारे दीड हजार जन्मठेपेचे कैदी मॉरिशसला धाडले गेले. १८१८ साली पेशवाई बुडाली, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. त्यानंतरच्या अस्थिर वर्षांत दरोडा, बंड, खून अशा आरोपांखाली पकडलेल्यांपैकी काही माणसे कोणत्या रस्त्यांवर खडी फोडत होती, हे त्या पुस्तकात येत नाही. बेटाच्या आरंभीच्या रस्त्यांपैकी कित्येकांवर या माणसांचा घाम सांडला आहे.

मग गिरमिट. १८३५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांना ब्रिटिश सरकारने वीस लाख पौंडांहून अधिक भरपाई दिली, गुलामांना काहीच नाही. उसाला मात्र हात हवेच होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' या जहाजातून ३६ मजूर उतरले, आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसे हिंदुस्थानातून तेथे गेली. करार, म्हणजे 'अ‍ॅग्रीमेंट', या शब्दाचे मजुरांच्या जिभेवर 'गिरमिट' झाले. महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर आले नाही तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. हालअपेष्टांचा बोभाटा झाल्यावर १८३९ साली भरती बंद झाली, १८४२ साली कायदा करून पुन्हा सुरू झाली. बहुसंख्य माणसे कलकत्त्याहून, म्हणजे भोजपुरी मुलखातून गेली, त्यानंतर मद्रास. मुंबई बंदरातून गेलेल्यांचा वाटा लहान, आणि त्यात कोकणातले, विशेषतः रत्नागिरीकडचे लोक पुष्कळ.

हे कोकणी माणसाचे जाणे मराठी वाङ्मयात जवळजवळ उमटलेच नाही. मुंबईच्या गिरण्यांत गेलेला चाकरमानी आपल्याकडे कवितेत आला, नाटकात आला, लोकगीतांत तर पिढ्यान्‌पिढ्या आला. तो दर गणपतीला परत येत होता, म्हणून त्याची वाट पाहणारी गाणी झाली. मॉरिशसला गेलेला बहुधा परत आला नाही, आणि न येणाऱ्यासाठी गाणे रचायला कोणाला सवड होती? बेटावरच्या हिंदी लेखकांनी ही उणीव आपल्यापुरती भरून काढली. अभिमन्यु अनत यांची 'लाल पसीना' ही १९७७ सालची कादंबरी गिरमिटियांवरच आहे. पुढे २००८ साली अमिताव घोष यांनी 'सी ऑफ पॉपीज'मध्ये कलकत्त्याहून निघालेले जहाज इंग्रजी वाचकांसमोर आणले. मुंबईहून निघालेल्या जहाजाची थोर मराठी कादंबरी माझ्या वाचनात तरी आलेली नाही.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर मजुरांचा तळ होता. १८४९ पासून त्याच जागी उतरवून घेणे, मोजणे, नोंदवणे चाले. दगडी सोळा पायऱ्या आजही आहेत. त्या चढून माणूस आत गेला की त्याला एक क्रमांक मिळे. मजुराचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव हे सगळे इंग्रज वा फ्रेंच कारकुनाच्या कानाला जसे ऐकू येईल तसे लिहिले जाई. १८६० च्या दशकापासून छायाचित्रेही काढली गेली. आपल्याकडे माणसाला स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि आडनाव असते, हे त्या रकान्यांना ठाऊक नव्हते. म्हणून बापाचे नाव पुढच्या पिढीचे आडनाव झाले. मॉरिशसच्या मराठी समाजात 'बाबाजी', 'सखाराम' अशी आडनावे भेटतात ती यामुळे. मूळ आडनाव, आणि त्याबरोबर कुळ, देवक, गावाची पांढरी हे सारे एका रकान्याच्या रुंदीत हरवले. या धक्क्याला आधी 'कुली घाट' म्हणत. आता 'आप्रवासी घाट' म्हणतात. २००६ साली तोही जागतिक वारसा झाला. त्याचा काही भाग मोटाररस्त्याखाली गेला आहे, आणि चालत जाण्याच्या अंतरावर पर्यटकांसाठी दुकानांचा झगमगता धक्का आहे.

बेटाचे पर्यटन हे या साऱ्यापुढे कालचे पोर. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्याजवळ ऊस होता आणि माणसे होती. दुसरे काही नव्हते. त्याआधीच, १९६१ साली, जेम्स मीड या अर्थतज्ज्ञाने वाढत्या लोकसंख्येकडे बोट दाखवून भविष्याचे काळे चित्र रंगवले होते. १९७२ साली व्ही. एस. नायपॉल यांनी या बेटावर लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकात 'बॅरॅकून' हा शब्द आहे. बॅरॅकून म्हणजे गुलामांना जहाजावर चढवण्यापूर्वी डांबून ठेवण्याची कोठडी. नायपॉल हे स्वतः त्रिनिदादच्या गिरमिटियांचे वंशज. शब्द त्यांनी सहज वापरलेला नाही. बेकार तरुणांनी भरलेले, बाहेर पडण्यासाठी तळमळणारे हे बेट पुढे मीड आणि नायपॉल या दोघांनाही खोटे पाडते, हे मान्य केले पाहिजे. १९७० च्या सुमारास वर्षाला तीस हजारही पाहुणे येत नव्हते. २०१८ साली सुमारे चौदा लाख आले, म्हणजे देशाच्या लोकसंख्येहून अधिक. कपड्यांचे कारखाने, बँका आणि हॉटेले यांनी लोकांना शाळा, दवाखाना, पक्के घर दिले. पर्यटनाला नाक मुरडणारे लेखन मला नेहमी थोडे अप्रामाणिक वाटते. ते सहसा पोट भरलेल्यांनी लिहिलेले असते.

तरीही जमिनीचा हिशेब पाहावाच लागतो. बेटाच्या किनाऱ्यालगत 'पा जेओमेत्रिक' नावाचा एक पट्टा आहे, सुमारे ८१ मीटर रुंद. १८०७ साली फ्रेंच गव्हर्नर दकां याने तो सार्वजनिक मालकीचा ठरवला. मूळ हेतू किनाऱ्याच्या संरक्षणाचा. ब्रिटिश आले, गेले. पट्टा सरकारचाच राहिला, आणि पर्यटन आले तेव्हा सरकार तो हॉटेलांना भाडेपट्ट्याने देऊ लागले. भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू कायद्याने सर्वांची. पण तिथवर पोचायचे कसे, हा प्रश्न कोळ्यांना आणि रविवारी डबे घेऊन येणाऱ्या कुटुंबांना पडू लागला. 'आमचे किनारे चोरणे थांबवा' अशा अर्थाच्या क्रिओल नावाची एक चळवळच गेल्या दशकात उभी राहिली. दुसरीकडे २००६ नंतर युरोपने साखरेचा हमीभाव कापला, आणि ज्या घराण्यांच्या मळ्यांवर गिरमिटिये राबले त्यांतल्या काहींच्या उसाच्या जमिनीवर गोल्फची मैदाने आणि परदेशीयांना विकण्याचे बंगले आले. बो प्लाँचा साखर कारखाना १९९९ साली बंद पडला आणि तीन वर्षांनी साखरेचे संग्रहालय होऊन उघडला. मालक बहुधा तेच राहिले. मजुराचा पणतू आता पाहुण्यांची बॅग उचलतो, किंवा हॉटेलचा हिशेब पाहतो, किंवा गाडी चालवतो. हा फरक लहान नाही, पण पुरेसा आहे का, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे.

आता गणपती. ट्वेन एप्रिल १८९६ मध्ये बेटावर होता. परंपरा असे सांगते की, त्याच वर्षी आंरिएत नावाच्या गावात एका मराठी कुटुंबाने बेटावरची पहिली गणेशचतुर्थी साजरी केली. पुण्यात टिळकांचा सार्वजनिक उत्सव नुकताच कुठे सुरू झाला होता. त्याची वार्ता तिथवर पोचली होती की ही आपली घरगुती कोकणी चतुर्थीच होती, याचा उलगडा मी करू शकत नाही. माझा कल दुसरीकडे आहे. आज गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. मूर्ती पाण्याकडे नेताना लोक 'मोरया' म्हणतात. हा मोरया म्हणजे पवनेकाठचे मोरया गोसावी, ज्यांची समाधी माझ्या घरापासून चालत जाण्यासारखी आहे, असे आम्हा चिंचवडकरांची श्रद्धा सांगते. ज्यांना चिंचवड हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही, ती माणसे हिंदी महासागराच्या काठी उभी राहून त्याचा उच्चार करतात.

या दिवसांत तेथे मराठी मंडळी 'झाकरी' म्हणतात. रत्नागिरीकडे गणपतीत फेर धरून जी जाखडी नाचतात, जिला मुंबईकर 'बाल्या नाच' म्हणतात, तिचीच ही बहीण. घरात भाषा क्रिओल, गावात बराच काळ भोजपुरी. मराठी शाळेत ऐच्छिक विषय म्हणून, पुढे मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत. तरी झाकरीचे शब्द टिकले. पुष्कळदा अर्थ हरवून, नाद घेऊन टिकले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे तुकडे असतील. पण एखादा शब्द न कळता शंभर वर्षे गात राहणे ही निष्ठा आम्ही आमच्या ज्ञानेश्वरीलाही क्वचित दिली आहे. याउलट गुलामांच्या वंशजांचा सेगा. २०१४ साली युनेस्कोच्या यादीत गेलेला हा नाच हॉटेलांच्या हिरवळीवर जेवणाबरोबर रोज होतो, रंगीबेरंगी घागऱ्यांसह. एकाला प्रेक्षक फार मिळाले, दुसऱ्याला मुळीच नाहीत. सेगा गावांतही जिवंत आहे, हे जाणकार आवर्जून सांगतात. आणि झाकरीला हॉटेलचे निमंत्रण येऊ नये, अशी माझी स्वार्थी इच्छा आहे.

प्रवास आता उलट्या दिशेनेही होतो. मोक्याच्या त्या संस्थेत गिरमिटियांच्या नोंदवह्या जपल्या आहेत. वंशज तेथे जाऊन क्रमांक शोधतात, नोंदीची नक्कल घेतात आणि एक दिवस मुंबईच्या विमानतळावर उतरतात. नकलेवर जिल्हा असतो, पण गावाचे नाव वाचता येत नाही. कारकुनाने फ्रेंच वळणाने लिहिलेले अक्षर मराठीत कोणते? एका गावाची तीन संभाव्य गावे होतात. माझ्या विद्यार्थ्याला त्या चालकाने निरोपाच्या वेळी एक कागद दाखवला होता, पणजोबांच्याही आधीच्या माणसाचा. आणि गावाचे नाव वाचून दाखव म्हणून सांगितले होते. याने मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढून आणले आहे. डोंगराच्या आणि पाण्याच्या शंभरएक छायाचित्रांत ते एकच वेगळे होते. आम्ही दोघांनी बराच वेळ ते मोठे करून पाहिले. पहिले अक्षर 'को' असावे. पुढचे 'ळ' आहे की 'ल', की 'र', यावर आमचे एकमत झाले नाही. तो पुढच्या सुट्टीत राजापूरला जाऊन विचारणार आहे.