सेलवाला माऊस की चार्जिंगवाला? पेन्सिल सेलची गोष्ट

गेम खेळणाऱ्या पोरांकडून एक प्रश्न सारखा येतो. "दादा, वायरलेस माऊस घ्यायचाय. चार्जिंगवाला घेऊ की सेलवाला?" पुढे हळूच असंही येतं, "सेलवाला म्हणजे जुनाट ना?" आजचा एपिसोड या 'जुनाट'वर. कारण सेल बदलता येणं ही सोय आपोआप आलेली नाही, तिला इतिहास आहे. आणि आपल्या जालना जिल्ह्यात तो इतिहास घराघरात होता.

आधी शब्द बघा. आपल्या गावाकडे 'बॅटरी' म्हणजे हातातला टॉर्च. आत टाकतात तो 'सेल'. टॉर्चमध्ये जाडजूड मोठा सेल, घड्याळात आणि रिमोटमध्ये बारीक 'पेन्सिल सेल'. हा पेन्सिल सेल म्हणजेच तुमच्या माऊसच्या खोक्यावर लिहिलेला डबल ए. म्हणजे उपकरण वेगळं आणि इंधन वेगळं, हे आपल्या भाषेनं आधीच ओळखलं होतं.

आता थोडं मागे जाऊ. 1866 मध्ये फ्रान्सच्या लेक्लांशेनं ओला सेल बनवला. काचेची बरणी, आत पातळ द्रावण. आडवी केली की सांडायची. 1886 च्या सुमारास जर्मनीच्या कार्ल गॅसनरनं द्रावणाची घट्ट लापशी केली आणि जस्ताचा डबाच ऋण टोक म्हणून वापरला. मध्ये कार्बनची कांडी, भोवती मँगनीज डायऑक्साइड. हा झाला कोरडा सेल. यात एक मेख आहे. वीज देताना जस्ताचा डबा स्वतःच झिजतो. म्हणून स्वस्त सेल संपल्यावर आतच राहिला तर पाझरतो आणि स्प्रिंगवर पांढरं-हिरवं किटण चढतं. घरातल्या जुन्या रिमोटचं झाकण उघडा, दिसेल.

खरी क्रांती मात्र मापाची. साधारण 14.5 मिलिमीटर जाडी, 50.5 मिलिमीटर लांबी, दीड व्होल्ट. हे माप कुठल्याही एका कंपनीच्या मालकीचं राहिलं नाही. म्हणून एव्हरेडीचा सेल मिळाला नाही तरी नेल्लोरच्या कारखान्यातली निप्पो किंवा मुंबईची एस्ट्रेला चालायची. परतूर, मंठा, भोकरदनच्या बाजारात जो मिळेल तो टाका, रेडिओ बोलणारच. ट्रान्झिस्टर खेड्यात पोचला तोही याच जोरावर. वीज नसलेल्या घरातही विविध भारती लागायची.

आणि विजेचं काय? 2005 नंतरच्या काही वर्षांत राज्यात भारनियमन जोरात होतं. ज्या भागात गळती आणि थकबाकी जास्त, तिथं जास्त तास अंधार. शेतीपंपाची वीज तर कितीदा रात्रीचीच. मोसंबीच्या बागेला पाणी द्यायला मध्यरात्री निघालेल्या माणसाच्या हातात बॅटरी असायची. वाटेत साप, विंचू. तिथं 'चार्ज करून ठेवायचं राहिलं' चालत नव्हतं. खिशात दोन जादा सेल असले की काम भागायचं. सेल मंद झाले तर लोक ते उन्हात ठेवायचे. तेवढ्या विश्रांतीनं आणि उबेनं सेल थोडा वेळ सावरतो, पण मेलेला जिवंत होत नाही.

या गोष्टीची काळी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एव्हरेडी सेल विकणारी कंपनी होती युनियन कार्बाइड इंडिया. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळमध्ये ज्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तो याच कंपनीचा. हजारो माणसं गेली. 1994 मध्ये अमेरिकी मूळ कंपनीनं भारतीय कंपनीतला आपला 50.9 टक्के हिस्सा विकला, आणि त्या पैशातून भोपाळच्या पीडितांसाठी रुग्णालय उभं राहिलं. नंतर कंपनीचं नाव बदलून एव्हरेडी इंडस्ट्रीज झालं. सेल तोच राहिला. माझ्या मते आपल्या वस्तू कुठून येतात आणि शेवटी कुठं जातात हे विचारायची सवय या गोष्टीतून लागायला हवी.

आता माऊसकडे येऊ. 1981 मध्ये, 1 मे रोजी जालना जिल्हा झाला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये लॉजिटेक सुरू झाली. 1991 मध्ये तिनं रेडिओ लहरींवर चालणारा बिनवायरचा माऊस आणला. आणि त्याच 1991 मध्ये सोनीनं लिथियम आयन बॅटरी बाजारात आणली. दोन्ही वाटा एकाच वर्षी सुरू झाल्या असं म्हणा ना! पुढे फोनमधली बॅटरी आतच बंद झाली, आणि बरेचसे माऊसही त्याच वाटेनं गेले.

पण सेलवाले टिकले. 2013 च्या जी602 मध्ये दोन पेन्सिल सेल जायचे. 2018 मध्ये जी305 आला, आपल्याकडे तो जी304 म्हणून मिळतो. त्यात एकच सेल, आणि कंपनीच्या दाव्यानुसार 250 तास. रोज तीन तास खेळलात तर साधारण 83 दिवस. सेन्सर कमी वीज खायला लागले म्हणून हे जमलं.

मग निवड कशी करायची? वजन बघा. जी304 सेलसकट 99 ग्रॅम भरतो, त्यात अल्कलाइन सेलच साधारण 23 ग्रॅमचा. हलका हवा असेल तर लिथियमचा डबल ए सुमारे 15 ग्रॅमचा येतो, पण महाग. रोज खेळत असाल तर रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडचे दोन सेल आणि चार्जर घ्या. एक माऊसमध्ये, एक तयार. त्यांचा व्होल्टेज 1.2 असतो, त्यामुळे माऊस कधी कधी उगाच 'बॅटरी कमी' दाखवतो. घाबरू नका. एकच सक्त सूचना: 14500 नावाचा लिथियम आयन सेल दिसायला अगदी पेन्सिल सेलसारखा, पण 3.7 व्होल्टचा. तो चुकूनही टाकू नका, माऊस जळू शकतो. आणि महिनाभर खेळणार नसाल तर सेल काढून ठेवा.

चार्जिंगवाला वाईट असं मी म्हणत नाही. हलका असतो, केबल लावून खेळता येतं. पण आतली बॅटरी साधारण 300 ते 500 चार्जनंतर दमते, आणि मग चांगल्या बटणांचा माऊस ड्रॉवरमध्ये पडून राहतो. युरोपीय संघानं तर कायदाच केलाय: फेब्रुवारी 2027 पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. आपल्याकडेही 2022 च्या नियमांनी सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्यांच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून संपलेले सेल उकिरड्यावर फेकू नका, वेगळे साठवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांना द्या.

तर माझं मत सरळ आहे. पैसे मोजून, एकदाच घ्यायचा असेल तर झाकण उघडणारा माऊस घ्या. दुकानात गेल्यावर आधी तो उलटा करून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!